भोयर सरांचं अनलेस

भिंतीपलीकडे नववी ब पुन्हा हसली. माझा वर्ग नववी अ. सगळ्या माना तिकडे वळल्या. मला भोयर सरांचा इतका राग आला, की फळ्यावर काय लिहीत होते तेच विसरले.

दोन्ही वर्गांत धडा एकच होता. नकारार्थी उभयान्वयी अव्ययं, म्हणजे दोन वाक्यं जोडणारे आणि पोटात 'नाही' बाळगणारे इंग्रजी शब्द. 'अनलेस' म्हणजेच 'जर नाही, तर'. त्यामुळे त्याच्या वाक्यात वेगळा 'नॉट' घालायचा नसतो. मराठी मुलं घालतातच. लपलेल्या 'नाही'वर त्यांचा भरवसा बसत नाही.

मी हे नियमानं शिकवायची. रंगीत खडू, चौकटी, पाठांतर. शहरातल्या महाल भागातल्या त्या शाळेत इंग्रजी म्हणजे मी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग कुही तालुक्यातून भोयर सर आले. त्यांचं शिकवणं भिंतीतून ऐकू यायचं.

"तुमची माय तुम्हाले कशी धमकावते? जेवला नाही तं खेळाले भेटणार नाही! थेच अनलेस. चला, मायची धमकी इंग्रजीत द्या."

आणि पोरं खिदळत धमक्या द्यायची. माझा जळफळाट व्हायचा. माझ्या तासाला कोणी कधी हसलं नव्हतं.

हेडमास्तरांनी दोघांना ऑफिसात बोलावलं.

"दहावीची तुकडी एकच. इंग्रजी एकालेच देता येते. इन्स्पेक्शनमध्ये दोघंही हाच धडा घ्या, मग पाहू."

"बाईलेच द्या ना सर, त्या सीनियर आहेत," भोयर म्हणाले.

हे तर फारच झोंबलं. मला दहावी हवी होती, पण त्यांनी उदार होऊन सोडलेली नको होती.

"नाही, इन्स्पेक्शन होऊ द्या," मी म्हटलं.

इन्स्पेक्शनसाठी आम्हा मास्तर लोकांची एक पिढीजात युक्ती असते. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. पाहणाऱ्याला हातांचं रान दिसतं, बाई उजव्या हातालाच उठवतात. मी आठवडाभर तालीम घेतली.

इन्स्पेक्टर साहेब मागच्या बाकावर बसले. मी 'अनलेस' विचारलं, त्याच जातीचं 'लेस्ट' विचारलं. प्रत्येक वेळी हातांचं रान, प्रत्येक वेळी अचूक वाक्य. साहेब खूश होऊन नववी ब मध्ये गेले. मी दाराआडून ऐकत होते. मला राहवलंच नाही.

भोयर सरांनी तालीम घेतली नव्हती. पोरं हात न करताच ओरडत होती. कोणी 'अनलेस'मागे 'नॉट' लावला, तर दुसरा म्हणाला, "अबे, दोनदा नाही काहून म्हणून राहिला?" मग वर्गात त्यावर भांडण जुंपलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

शेरा आला. नववी अ, उत्कृष्ट. नववी ब, शिस्तीचा अभाव, चुका फार. दहावी मला मिळाली.

"अभिनंदन बाई. लय मस्त झालं," भोयर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खोट शोधून पाहिली. सापडली नाही, म्हणून आणखी चिडले.

जूनमध्ये दहावीवर गेले. अ आणि ब आता एकाच वर्गात होते. उजळणीला 'अनलेस' घेतलं. ब मधल्या मुलांनी पटापट वाक्यं सांगितली, सगळी बरोबर, सगळी आयांच्या धमक्यांची. माझी मुलं नियम घडाघडा म्हणाली आणि वाक्यापाशी अडली.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. माझ्याच जुन्या नववी अ मधली, पहिला नंबर न सोडणारी.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"आमच्या ऑफ पीरियडले भोयर सरांचा नववीवर इंग्रजीचा तास असते. आम्ही मागं जाऊन बसू काय?"

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

तिनं मागे पाहिलं. अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"जा," मी म्हटलं.

तेव्हापासून नव्या शिक्षिकांना एवढंच सांगते. वर्ग हेडमास्तर देतात. पोरं देणं त्यांच्या हातात नसतं.