देवासमोर ठेवलेलं सिम

निघताना कुंकू लावायला आईच्या करंड्यात बोट घातलं, तर सिम काढायची पिन टोचली आणि आईचं दुबईला जाणं आठवलं. ताईच्या बाळंतपणासाठी ती पहिल्यांदाच विमानात बसणार होती. डिंकाचे लाडू भरून झाले होते, राहिला होता फोन. पंचवटीतल्या मोबाइलच्या दुकानात मी रोमिंगचा पॅक आणि इथून परदेशात बोलायचा पॅक ताडून बघत होते, आणि आई दुकानदाराचा चेहरा. "आलेला फोन उचलला तर?" "पॅकमध्येच आहे, मावशी." "आणि नाही उचलला तर?" "तरी काही नाही. सगळं पॅकमध्ये." बाहेर आल्यावर ती पुटपुटली, "सगळं देतो म्हणतोय, म्हणजे कुठून तरी काढणारच." तरी मी तिच्या नंबरवर रोमिंगचा पॅक टाकलाच. ती गेली आणि दिवसभर तिचा फोन बंद. बाबा धड जेवलेही नाहीत. संध्याकाळी मी दिवा लावायला देवघरात गेले, तर करंड्यात कुंकवाने माखलेलं तिचं सिम आणि ही पिन. तेवढ्यात ताईच्या फोनवरून आई बोलली, अगदी लढाई जिंकल्यासारखी : "निघतानाच काढून ठेवलं मी. इकडे आणलं असतं तर पैसे कापलेच असते. आता म्हणावं कापा, देवासमोर कापा!" आज मी ताईकडे निघालेय. पॅक घेतलाय, दुकानदाराला दोनदा विचारून खात्रीही केलीय. दारात रिक्षा थांबलीय, आणि मी पिन हातात धरून अजून देवघरापुढेच उभी आहे.