एकाएकी पाच वर्षांची झालेली मुलं

पेन्सिलीचं मागचं टोक स्क्रीनवर टकटक आपटत आंटी विचारायच्या, "हे पोर कुठे गेलं?" दुबई मरीनातल्या आमच्या ऑफिसात त्यांचा दिवस असा सुरू व्हायचा. खिडकीबाहेर लोक पैसे मोजून बघतात तो समुद्र, आणि त्याला पाठ करून बसलेल्या या वसईच्या आंटी.

आमचं काम सांगतो. आफ्रिकेतल्या एका देशात सरकारी पाहणी चालली होती. तिथली माणसं टॅब्लेट घेऊन घरोघर जात. मोठ्यांच्या रक्ताचे थेंब एचआयव्हीसाठी घेत. पाच वर्षांच्या आतल्या मुलांची लस, ताप, मच्छरदाणी विचारत आणि बोट टोचून मलेरिया तपासत. ती माहिती आमच्याकडे यायची. मी तिचे तक्ते करायचो, आंटी तिच्यातल्या चुका काढायच्या. माझ्याही काढायच्या, न विचारता.

एकदा दोन माणसांच्या घरात चार मच्छरदाण्या निघाल्या. मी ते चूक म्हणून पुसायला निघालो, तर आंटींनी थेट तिकडच्या सुपरवायझरला फोन लावला. दोन मच्छरदाण्या कोंबडीच्या पिल्लांवर होत्या. "बघ, तू पिल्लांना उघडं पाडणार होतास," त्या म्हणाल्या आणि दिवसभर खूश होत्या.

शारजात अल नहदाला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. लिफ्टमध्ये लहान मूल दिसलं की आंटी वय विचारणारच.

"फाइव्ह अँड अ हाफ, आंटी."

"हाफबिफ चालत नाही. पूर्ण झालेली सांग."

आयांना वाटायचं, बाई शाळेत शिकवत असणार.

मग तिकडे घरोघर फिरणाऱ्या एका टुकडीची माहिती आली. तिच्या वाट्याच्या गावांत चार वर्षांची मुलं जवळजवळ नव्हतीच. पाच वर्षांच्यांची मात्र झुंबड. आंटींनी पेन्सिल खाली ठेवली.

"वय वाढवलंय. पाच पूर्ण लिहिलं की लांबलचक प्रश्न नाहीत, सुई नाही, रडारड नाही. घर लवकर आटपतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी केलंय ना."

तरुणपणी पालघरच्या पाड्यांवर त्या असंच काम करायच्या. एका दुपारी पाय भरून आले होते. शेवटच्या घरात एक पोर तापाने फणफणलेलं. त्यांनी त्याचं वय वर्षाने वाढवलं आणि एसटी पकडली. "पुढे त्याचं काय झालं, माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण अहवालाची तारीख त्याच्या डोक्यावर बसली होती. "आंटी, साइन कर दो, खलास."

"टीम को वापस भेजो, फिर करूंगी."

"आपका रिन्यूअल भी इसी महीने है."

"मालूम है, हबीबी," आंटी हसून म्हणाल्या. सही केली नाही.

त्यांच्या सहीशिवाय अहवाल हलेना, म्हणून टुकडी परत पाठवावी लागली. आंटींच्या नोकरीच्या कराराचं रिन्यूअल मात्र झालं नाही. मला फार राग आला होता. तो मी ऑफिसात कुणालाच दाखवला नाही, याची लाज अजून वाटते.

त्यांना विमानतळावर सोडून आलो आणि तिसऱ्या दिवशी टुकडीची नवी माहिती आली. पाच वर्षांची एक मुलगी आता चारची झाली होती. ताप: आहे. मलेरिया: आहे. औषध: जागेवर दिलं. मी वसईला फोन लावला.

"नाव काय रे तिचं?"

"आंटी, नावं आपल्याकडे कुठे येतात?"

हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"औषध दिलं ना पण?"

"दिलं."

"तू स्वतः पाहिलंस?"

"समोरच आहे, आंटी."

"परत एकदा वाच," त्या म्हणाल्या. मी पहिल्या ओळीपासून सावकाश वाचलं.