रबरी चपलांना पॉलिश

माझे धाकटे दीर मनाच्या आजारामुळे सैन्यातून घरी आले. आल्यापासून ते कुणाशी बोलत नाहीत. पुन्हा कधी बोलतील का, याचीच आम्हाला काळजी. सकाळी मात्र ओट्यावर बसून घरातल्या सगळ्यांच्या चपलांना पॉलिश करतात, माझ्या रबरी चपलांनासुद्धा. रबराला कसली चमक येणार, पण ते मन लावून घासतात.

आज सासूबाई रागावल्या, "अरे, भावजयीच्या पायातलं कशाला हातात घेतोस?"

खाली बघतच ते म्हणाले, "वहिनी लांबून पाणी आणते, आई."

मला वाटायचं, त्यांचं मन या घरात नाहीच. ते तर आमचे पाय बघत होते.

मी चपला घातल्या आणि हंडा न घेताच विहिरीपर्यंत चालत गेले.