झोपमोडे कंपौंडर

झोपलेलं लेकरू दिसलं की आमच्या कंपौंडरमामांचा जीव खालीवर व्हायचा. रडणाऱ्या पोरांकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत, पण एखादं शांत निजलेलं असलं की त्याच्या तळपायाला टिचकी मारून उठवायचे. बाया वैतागायच्या. 'झोपमोड्या' हे नाव त्यांनीच ठेवलेलं. मामा म्हणायचे, "रडून राहिलं ना, मंग जित्तं हाय. गप पडलेल्याचं भ्याव वाटतं मला."

हिंगोलीच्या एका दवाखान्यात मी तेव्हा कारकून होतो. राज्य निजामाचं, रजिस्टर उर्दूतलं. लेकरू गेलं की कारणाच्या रकान्यात 'ताप' किंवा 'हगवण' लिहायचो आणि घरी जेवायला जायचो. मामांनी मात्र त्या मरणांचे हंगाम ओळखले होते. उन्हाळ्यात हगवणीची लेकरं जायची, थंडीत छाती भरलेली. पावसाळ्यात, निंदणीच्या दिवसांत जायची ती झोपेतच. बाया रानात जाताना लेकराला मोहरीएवढी अफू चाटवायच्या आणि बांधावरच्या झोळीत निजवायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसेना. सख्खी आई असं करते? मामा माझ्यावरच चिडले. "तिला काय हौस हाय व्हय? लेकरू रडलं तर मुकादम कामावरून काढतो तिला."

म्हणून त्यांचा एक रिवाज ठरलेला होता. औषध देण्याआधी बाईला विचारायचं, "अफू दिली काय?" बाई नाहीच म्हणायची. मग लेकराची पापणी वर करून डोळ्यातली बाहुली बघायची. ती सुईच्या टोकाएवढी दिसली की औषध परत कपाटात, कारण आमच्या हगवणीच्या औषधातही अफूच असायची. दोन्ही एकत्र झाली की तान्हं लेकरू उठायचंच नाही. डॉक्टरसाहेबांना घाई असली तरी मामा हा रिवाज मोडायचे नाहीत.

त्या वर्षी पुसेगावहून माझी धाकटी बहीण आठ महिन्यांच्या पोराला घेऊन आली. हगवणीनं पोर सुकून गेलं होतं. मामांनी स्वतः खाट झटकून दिली, "तुमची बहीण ती माझी बहीण" म्हणाले आणि लगबगीनं औषध आणून पोराला पाजलं. विचारलं काहीच नाही. पापणीही उचलली नाही. अफू चाटवणं हे मजूर बायांचं काम, कारकुनाच्या घरात ते कुठून येणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं असावं.

बहिणीनं दवाखान्याच्या दारात गाडीतून उतरतानाच पोराला अफू चाटवली होती. रडकं पोर तिथं ठेवून घेत नाहीत, असं सासूनं तिच्या डोक्यात भरवलेलं. पोर निजलं म्हणून मी समाधानानं आपल्या टेबलाशी येऊन बसलो. थोड्या वेळानं मामा दारात उभे राहिले. खाटेकडे बोट दाखवत होते. मी धावत गेलो तर पोराचे ओठ निळे पडलेले, आणि बहीण त्याला पदरानं वारा घालत बसलेली. झोप लागली एवढंच तिला ठाऊक होतं. संध्याकाळी मी रजिस्टरमध्ये 'हगवण' लिहिलं. माझ्या हातानं ते कसं लिहिलं, मला अजून कळत नाही.

सासरी तिला 'पोरखाऊ' म्हणू लागले. हे कानावर आलं तसे मामा मला घेऊन पुसेगावला निघाले. ओसरीवर सासऱ्यांपुढे हात जोडून त्यांनी सगळं सांगितलं. "हिच्या एकटीच्या हातानं न्हाई गेलं लेकरू. माझी दवा बी त्याच्यात हाय. हिला बोल लावू नका."

बहीण दाराआड होती, ती बाहेर आली. "मामा, समद्या बायांना इचारता म्हणं तुमी. मला काहून इचारलं न्हाई?"

"तुमी आपल्या घरातल्या, माय," मामा कसेबसे म्हणाले.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे दादा, मी परकी असते तर जगलं असतं माझं लेकरू."