तिसऱ्या जागेची जोडी

लढाईत पाय गमावलेल्या माणसाला खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार घातला आणि टाळ्या वाजवल्या, की त्याचा मान राखला गेला असं तुम्हाला खरंच वाटतं का?

मला वाटत होतं. गेल्या पोळ्याला मी हे सगळं केलं.

आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून दोन कोसांवर. गावातला एक जवान काश्मीरच्या लढाईत पडला. घरी सरकारी पत्र आलं आणि नंतर त्याची सामानाची पेटी आली. मागे राहिले दृष्टी गेलेला बाप आणि बायको. त्याच्या पलटणीत नवेगाव बांधचा एक जण होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यांना लोक फौजी म्हणतात, मी फौजीभाऊ म्हणतो.

फौजीभाऊ दर साली पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावी येतात. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. पलटणीतल्या मेलेल्या जोडीदाराच्या घरी हे काम तेच करतात. दुसऱ्या दिवशी जोडी धुतात, शिंगांना बेगड लावतात आणि एका काखेत कुबडी, दुसऱ्या हातात कासरा असे आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मैदानावर, येतात. त्या घरची शेती म्हाताऱ्याचा जावई वाहतो, पण पोळ्याला त्याला स्वतःच्या गावची जोडी असते.

आखरावर तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात त्या ठरलेल्या क्रमानं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कायद्यानं गेली, तरी पहिली जोडी मालगुजाराचीच. का, हे विचारणारं पत्रक मी मागेच काढलं होतं. उत्तर आलं नाही. त्या जवानाच्या घराची जागा तिसरी. जोडी धरायला पुरुष माणूस नसेल तर जोडी येत नाही, मागची पुढे सरकते आणि ते घर पुढच्या साली रांगेच्या शेवटी जातं. गावात घर आहे की मोडलं, हे लोक त्या रांगेवरून मोजतात. मुलगा गेल्यावरही त्या आंधळ्या बापाचं घर तिसऱ्या जागी उभं होतं, ते फौजीभाऊंमुळे.

हे मला ठाऊक होतं. तरी मी आणि आमच्या तरुण मंडळानं ठरवलं की पोळ्याला फौजीभाऊंचा जाहीर सत्कार करायचा. मी गोंदियाला जाऊन पत्रक छापून आणलं. "भैया, 'वीर' मोटे टाइप में डालूँ?" असं छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, सगळ्यात मोठ्या. त्या पत्रकात जखमी वीरावर सोळा ओळी होत्या आणि पडलेल्यावर एक.

फौजीभाऊंना मी आदल्या दिवशीच गाठलं. ते बैलाच्या खांद्याला लोणी चोळत होते.

"उद्या तुम्ही पाहुणे," मी म्हटलं. "खुर्चीवर बसायचं."

"अन् जोडी?"

"जोडीचं मी पाहतो."

"पाहशील न गा? नाई तं मी खुर्चीवर येतच नाई."

"पाहतो म्हटलं न भाऊ."

माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरी बैल नाहीत. मंडळातला कोणीतरी ती जोडी आणेल, असं मी धरून चाललो आणि कोणालाच सांगितलं नाही. पोळ्याच्या दिवशी गावातला प्रत्येक पुरुष आपापल्या कासऱ्याला बांधलेला असतो, ही साधी गोष्ट शेतकऱ्यांच्या हक्कांवर पत्रकं काढणाऱ्या माझ्या डोक्यात आली नाही.

दुपार कलल्यावर आखरावर घातलेला आमचा मंडप भरला. मी भाषण केलं. टाळ्या पडल्या. मग झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात एकमेकांना टोमणे मारणारे हे तुकडे म्हणायची आमच्याकडे रीतच आहे. रांगेतून एकजण ओरडला:

"पर्च्यावर पर्चा, गावभर चर्चा,
मालगुजार उभा अन् फौजीले खुर्च्या!"

सगळे हसले. मीही हसलो. फौजीभाऊ मात्र रांगेकडे पाहत होते. तिसऱ्या जागी चौथ्या घराचे बैल उभे होते.

"त्याची जोडी कुठं हाये?" त्यांनी मला विचारलं.

त्यांनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि कुबडी काखेत घेतली. मी मागे धावलो. चिखलातून त्यांच्याइतकं भराभर मलाही चालता येईना.

"भाऊ, चूक झाली. पण तुमचा मान..."

"मले मान कायले पायजे? तो गेला तवा मी दवाखान्यात पडून होतो. त्याच्या मातीले मी नवतो. म्हून त्याची जोडी धरतो. तेवढंच काम होतं माझ्याकडं, तेही तू काढून घेतलं."

अंगणात बैल सजून उभे होते. सुनेनं त्यांना धुतलं होतं, झुली घातल्या होत्या. म्हातारा खुंट्याजवळ कासरा धरून बसला होता. तेवढ्यात आखराकडून आरोळी आली. तोरण तुटलं होतं; ते तुटलं की रांग मोडते आणि पोळा संपतो.

"पोळा फुटला का गा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हाव बाबा," फौजीभाऊ म्हणाले. "आना तो कासरा."

आम्ही जोडी नेली. एक बैल त्यांनी धरला, दुसरा मी. मला तो नीट धरता येत नव्हता आणि त्यानं दोनदा माझ्या पायावर पाय दिला. लोक परतत होते. तुटलेल्या तोरणाखाली तिसऱ्या जागेवर आम्ही बैल उभे केले.

मालगुजार थांबला. "आता काऊन आनले? पुढच्या साली शेवटी लागन जोडी. रीत हाये."

"शेवटी तं शेवटी," फौजीभाऊ म्हणाले. "पन उभी राहीन."

रीतीविरुद्ध बोलायला माझ्याजवळ भरपूर शब्द होते. पण त्या घराची जागा रीतीनं नाही, मी घालवली होती. मी बैल धरून उभा राहिलो.

आम्ही तरुण मंडळी जखमी सैनिकाला फार लवकर पुतळा करून टाकतो. तो बोलत नाही, मागत नाही, फक्त बसतो. सत्काराला हे सोयीचं असतं. त्याचा पडलेला जोडीदार तर त्याहून सोयीचा, कारण तो हजरच नसतो. ज्याला आपल्या मेलेल्या सोबत्यासाठी काही करायचं आहे, त्याच्या हातातलं काम सोडवून त्या हातात हार देणं हा अपमान आहे. मी तो केला आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गावात लढाईत पडलेल्या माणसाचं घर असेल, तर पोळ्याच्या आठ दिवस आधी तिथं जा. पत्रक नेऊ नका. जोडी धरायला कोण येणार आहे, ते विचारा. त्याचा सोबती येणार असेल तर त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवा. कोणी येणार नसेल तर कासरा तुम्ही धरा, आणि बैल धरता येत नसेल तर आतापासून शिका.