दाजींच्या गाडीचा ताप

गरम हवेविषयी आमच्या दाजींइतकं जाणणारा माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात नाही, आणि हे मत मुख्यतः दाजींचंच आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. येडशीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि पुण्याहून एक जुनी, लाल, दोन माणसांपुरती स्पोर्ट्स कार घेऊन आले. गाडी इतकी ठेंगणी, की शेळ्यासुद्धा तिच्याकडं वरून बघायच्या. दाजी आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तिच्या बॉनेटवर तळहात ठेवत. एका लग्नात तर त्यांनी भर जेवणावळीत मंडपाची कनात वर करायला लावली. धूळ येऊन भातावर बसली, तेव्हा म्हणाले, "धूळ आली म्हंजे हवा खेळती हाय!"

पण एका मे महिन्यात सोलापूरहून परतताना तुळजापूरच्या घाटात गाडी उकळली. भर दुपारी ताई तासभर दगडावर बसली, मग उठली. "ही गाडी न्हाय, चूल हाय. म्या पुन्हा हिच्यात बसणार न्हाय," असं म्हणून तिनं भाविकांच्या बसला हात केला. दाजींना हे फार लागलं.

त्यांचं निदान ठाम होतं. रेडिएटर ठणठणीत, पंखाही चालू. पण इंजिनाभोवतीची गरम हवा बाहेरच पडत नाही. त्यांनी बिजागरीखाली वायसरच्या चकत्या घालून बॉनेटची काचेकडची कड बोटभर उचलली आणि गावभर सांगितलं, "झालं काम!" तरी घाटात तापमानाचा काटा पुन्हा वर चढलाच. मग हवा कुठून कुठं जाते ते दिसावं म्हणून त्यांनी ताईच्या लोकरीच्या दोऱ्यांचे तुकडे बॉनेटभर चिकटवले, गाडी हमरस्त्यावर काढली आणि मला मोटरसायकलवरून शेजारून बघायला लावलं. वाटेतल्या चहावाल्यानं विचारलं, "गाडीला नवस बोललाय का, गुरुजी?"

काचेजवळचे दोरे फटीतून आत ओढले जात होते. मी ओरडलो, "दाजी, तिथनं हवा निघत न्हाय, उलट शिरतीय!"

गाडी थांबली. दाजींनी उतरून फटीत अडकलेला एक दोरा बोटानं बाहेर काढला. मग म्हणाले, "चुकलंच माझं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

रेडिएटरच्या जरा मागचे दोरे मात्र गाडी धावताना ताठ उभे राहत होते. हवा तिथून वर खेचली जात होती. दुसऱ्या दिवशी पत्राकामवाल्याकडं त्यांनी नेमकी तीच जागा खडूनं आखली. चांगल्या बॉनेटला भोकं पाडायची, म्हणून दोनदा पुसली, पण आखली. सहा आडव्या फटी पडल्या. वायसर काढून मागची कड पुन्हा बसवली.

पुढच्या सोलापूरच्या फेरीला त्यांनी ताईला आग्रह केला नाही. सीटवर गोधडीची घडी ठेवली आणि दार उघडून उभे राहिले.

ताई फटींकडं बघून म्हणाली, "पावसाचं पाणी शिरंल की हो."

"शिरू दे. तू बस."

ताई बसली. परतताना घाटात मी मोटरसायकलवरून मागं होतो. गाडी चढ संपेपर्यंत थांबली नाही. वर आल्यावर मी आत डोकावलो, तर काटा मध्यावर आणि ताई चक्क झोपलेली. दाजींनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

आता दाजींचे गुडघे त्या ठेंगण्या सीटवर वाकत नाहीत. परवा गेलो तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. रामलिंगाच्या देवळापर्यंत जाऊन आलो, तर ते ओट्यावर बसले होते. काटा कुठवर गेला, हेसुद्धा विचारलं नाही.

"लगेच बंद करू नगंस. जरा चालू राहू दे," एवढंच म्हणाले, आणि डोळे मिटून इंजिन ऐकत बसले. ताई चहा घेऊन आली, त्यांच्याशेजारी टेकली. चहा निवला, तरी मी किल्ली फिरवली नाही.