आत्याबाईंच्या दहा गाठी

गोठ्यात लेंड्या साठत्यात ना, तसं माझ्याकडं किस्सं साठल्यात. रोज झाडलं तरी सकाळी हायतच! आज एकच कोपरा झाडते, माझ्या सासूचा. आमी त्यांना आत्याबाई म्हणायचो.

*

भोर संस्थान जाऊन थोडीच वर्सं झाली हुती. म्या विंझरच्या वरच्या वाडीत नवी नवरी. शेळ्या चाळीस, नावं चाळीस, आन् मला पाचच्या फुडं येईना!

आत्याबाई म्हणाल्या, "एकेक कशाला धरतीस? चारा-चारांची गाठ मार. काळी-कानी-बांडी-मोरी, ही एक. जात्यावर म्हण."

दोन दळणांत दहा गाठी पाठ!

मग ध्यानात आलं, त्यांच्या डोळ्यांत फूल पडलंय, दिसत न्हाईच. दिवस मावळताना गोठ्याच्या दारात हुभं ऱ्हाऊन गाठीनं हाका मारायच्या. चौघी आल्या की डोकी चाचपून आत!

*

म्या मेली खोडकर. एकदा कानीला गोठ्यामागं बांधलं आन् गंमत बघत बसले. "काळी, कानी..." कानी येईना. परत पयल्यापासनं. असं चारदा!

शेवटी म्हणाल्या, "कानी बांधलीया. आन् बांधणारी हसतीया."

काठी बरोब्बर माझ्या नडगीवर! आंधळ्या म्हणं!

*

मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायला भोरचं मास्तर यायचं. त्यांनी आत्याबाईंचं बोट धरून पाटीवर 'क' गिरवला.

"मास्तर, ह्यो कुणासंगं चरतो?"

मास्तर दचकलं. "ख, ग, घ..."

"मग चौघांस्नी संगं आणा की! एकट्याला कशाला रानात सोडलंय?"

*

धाकटं दीर, तुकाभावजी, येता-जाता म्हणायचं, "आई एकदा चुकू दे. शेळ्यांना बाजार दावतो आन् हिला चुलीम्होरं बसवतो."

आत्याबाईंचा जीव शेळ्यांत. त्या चुकायच्याच न्हाईत.

मग वाघरानं बांडी नेली. दुसऱ्या सांजंला आत्याबाईंनी तिलाबी हाक मारली. हात फुडं केला न्हाई. दमभर थांबल्या, मग "मोरी".

भावजी वरडलं, "मेलीला हाका मारतीया! डोकं फिरलं हिचं!"

"तिला गाळली तर मोरी तोंडात कशी येईल रं?"

भावजींनी तीच चूक धरली.

*

आमचं मालक तवा पुण्याला हमालीला. वेल्ह्याच्या बाजारादिवशी भावजी शेळ्या चारायला म्हणून घेऊन गेलं. दिवस कलताना एकटंच आलं.

"इकल्या. आता बस निवांत."

आत्याबाई तशाच उठल्या, चाचपत गोठ्याच्या दारात गेल्या. "काळी." थांबल्या. "कानी." थांबल्या. हात खालीच. अशा दहाच्या दहा गाठी! माझी भाकरी तव्यावर जळली, ध्यानातच न्हाई.

चाळीस झाली. मग त्यांनी पोटच्या चार लेकरांची गाठ घेतली. पयलं नाव आमच्या मालकाचं, ते म्या घेत न्हाई. मग "भागा". ही दोन न थांबता घेतली.

"तुका."

आन् दमभर थांबल्या.

"आये, म्या म्होरंच हुबा हाय की!"

आत्याबाई म्हणाल्या, "सखू."